हसटखप

१

खोकं थंड खोलीबाहेर अकरा तास राहिलं होतं. आत इन्सुलिनच्या चाळीस कुप्या होत्या, आणि तापत्या पत्र्याखालच्या अकरा तासांनंतर त्यांतल्या औषधात नि पाण्यात फारसा फरक उरला नव्हता. तरीही खोकं गोदामातून निघालं, गाडीत चढलं, इस्पितळात पोचलं. शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंना त्यातलं इंजेक्शन दिलं गेलं. साखर उतरेना म्हणून आणखी एक दिलं गेलं. बाई तीन दिवस अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या, पण थोडक्यात.

खोक्यावरच्या तापमापकाने आपलं काम इमानेइतबारे केलं होतं. अकरा तासांची नोंद त्याने गोदामाच्या संगणकाला वेळच्या वेळी दिली होती. औषध तापलं की खोकं अडवायचं, हे तिथल्या प्रोग्रामचं कामच. त्या दिवशी त्याने अडवलं नाही, कारण त्यात एक ओळ होती.

कंपनीच्या मालकीणबाईंनी ती ओळ कागदावर छापून टेबलावर ठेवली होती. समोर बसलेल्या आत्यांनी चष्मा पुसला आणि वाचली.

‘हसटखप खरं असेल तर तपासणी वगळा.’

आत्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. बावीस वर्षं त्या या कंपनीत होत्या आणि त्यांचं काम नावं ठेवायचं. प्रोग्राम लिहायचा तर त्यातल्या प्रत्येक गोष्टीला नाव लागतं: औषधाला, तारखेला, तापमानाला. कुणी काय नाव द्यायचं, कसं लिहायचं, याची नियमावली आत्यांच्या ताब्यात असे. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून त्या आत्या. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, “मी नाव ठेवते. नावं ठेवायला बाकीचे आहेत.” दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या होत्या.

“ही ओळ तात्यांची,” मालकीणबाई म्हणाल्या. “सगळे तेच म्हणतात. असली गिचमीड नावं त्यांच्याच काळातली. गुरुवारी इस्पितळाला पत्र जायचंय. आमच्या एका माजी प्रोग्रामरची जुनी चूक, असं लिहिणार आहोत.”

तात्या म्हणजे कंपनीचे पहिले प्रोग्रामर. गेल्या हिवाळ्यात वारले.

“मग मला कशाला बोलावलंत?”

“तात्यांची लेक आली होती. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, एकदा आत्यांना दाखवा, त्या म्हणाल्या तर मान्य.” मालकीणबाईंनी कागद पुढे सरकवला. “खरं सांगू? मेलेल्या माणसाला शिक्षा होत नाही, म्हणून हे सगळ्यांच्याच सोयीचं आहे. आणि इतकं सोयीचं आहे म्हणून मला झोप येत नाही.”

आत्यांनी कागद परत उचलला. पाच अक्षरं. त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या. मग त्यांचं बोट पहिल्या अक्षरावर येऊन थांबलं आणि तिथून हलेना.

“गुरुवारपर्यंतचा वेळ द्या,” त्या म्हणाल्या. “ही ओळ तात्यांची नसावी असं वाटतंय. पण वाटण्यावर कुणी पत्र लिहीत नाही.”

२

तात्यांच्या लेकीचं चष्म्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. आत्या पोचल्या तेव्हा ती एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. ते गेल्यावर तिने दार अर्धं लोटून घेतलं आणि कपाटातून वडलांची वही काढली.

“आईला अजून काही सांगितलेलं नाही,” ती म्हणाली. “बाबांनी आयुष्यात दुसरं काही कमावलं नाही गं आत्या. नाव कमावलं. तेही आता जाणार?”

“वही दे,” आत्या म्हणाल्या. धीर देणारी वाक्यं त्यांना कधी जमली नव्हती.

वहीत त्या भाषेचा सगळा जन्म होता. ही प्रोग्रामची भाषा माल, तारखा, पत्ते असल्या धंद्याच्या कामासाठी बनलेली, आणि मूल वाढावं तशी ती वाढत गेली. पहिल्या आवृत्तीत नावाला फक्त सहा अक्षरं मिळत, तीही उघडीनागडी. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, अनुस्वार नाही. ‘तापमान’ लिहायचं तर ‘तपमन’. अकरा वर्षांपूर्वी दुसरी आवृत्ती आली, तिच्यात काना-मात्रा आले आणि जागाही दुप्पट झाली. गेल्या वर्षी तिसरी आली. आता नाव हवं तेवढं लांब लिहा, कुणी विचारत नाही.

“ते ‘मदत’चं प्रकरण तुला माहीत आहे?” आत्यांनी विचारलं.

लेक पहिल्यांदाच हसली. “शंभरदा ऐकलंय.”

पहिल्या आवृत्तीच्या काळात तात्यांनी औषधाच्या मुदतीच्या तारखेला ‘मुदत’ नाव द्यायचं ठरवलं. उकार गेला, राहिलं ‘मदत’. पुढे कामावर आलेल्या एका नवख्याला वाटलं, ही काहीतरी मदतीची सूचना दिसते, कोण वाचतंय. आणि त्याने ती काढून टाकली. मुदत संपलेल्या खोकल्याच्या औषधाची सत्तर खोकी गाडीत चढली. गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत तात्या तिच्यासमोर आडवे उभे राहिले, म्हणून निभावलं. त्या दिवसापासून उघड्या अक्षरांशी त्यांचं वैर.

दुसरी आवृत्ती आली त्या दिवसाच्या पानावर वहीत एकच ओळ होती: ‘आज काना मिळाला.’

“त्यानंतर बाबांनी एकही नाव कान्यामात्रेशिवाय लिहिलं नाही,” लेक म्हणाली. “जुन्यांतलं जे दिसेल ते बदलत गेले. आडबाजूची तेवढी राहिली.”

“म्हणजे ही ओळ त्यांची असलीच, तर अकरा वर्षांपूर्वीची असायला हवी.”

“नाहीतर?”

“नाहीतर कुणीतरी त्यांचे कपडे घालून आत शिरलं.”

लेकीने वही उचलली आणि आत्यांच्या पिशवीत ठेवली.

३

प्रोग्राम विभागात तिसऱ्या टेबलावर ‘नवी’ बसायची. येऊन तीन वर्षं झाली तरी तिचं नाव नवीच. गेल्या वर्षी सगळा प्रोग्राम दुसऱ्या आवृत्तीतून तिसरीत नेण्याचं काम तिच्याकडे होतं आणि तेच आता तिच्या गळ्यात आलं होतं. नेताना ओळींच्या जुन्या नोंदी पुसल्या गेल्या. आता कुठलीही ओळ उघडली की लिहिणाऱ्याच्या जागी नवीचीच खूण दिसे.

“काल दोघांनी मला विचारलं, ओळ तूच तर नाही घातलीस?” नवी म्हणाली. आवाज सरळ होता, पण पेनचं टोपण ती उघडझाप करत होती. “मी नेली आत्या, लिहिली नाही. घर बदलताना ट्रक हाकणारा काय सामानाचा मालक होतो?”

“हे नाव दिसलं होतं तुला?”

नवीने खणातून एक जाडजूड यादी काढली. चार हजार नावं, प्रत्येकासमोर अर्थ. ‘तपमन: तापमान.’ ‘पतशहर: पत्त्यातलं शहर.’ आणि ‘हसटखप’समोर: ‘बहुधा सुटा खप? नक्की समजलं नाही.’

“सुटा खप?” आत्यांनी विचारलं.

“औषधाचा धंदा आहे ना. ‘सट’ म्हणजे सुटा असेल, आणि ‘खप’ म्हणजे खप. सुट्या गोळ्यांची विक्री वगैरे. पण तपासणीशी त्याचा संबंध लागेना, म्हणून मी छोट्या तात्यांना विचारायला गेले. ते म्हणाले, तात्यांचं नाव आहे, राहू दे, हात लावू नकोस.”

छोटे तात्या म्हणजे विभागाचे प्रमुख. दुसऱ्या आवृत्तीच्या पहिल्याच वर्षी ते कामाला लागले, तात्यांच्या हाताखाली शिकले, चालायलाही तसेच लागले आणि चहात बिस्कीटही तसंच बुडवायला लागले, म्हणून छोटे तात्या.

“लेखी विचारलंस?”

“नाही. दारात उभी राहून.” टोपणाची उघडझाप थांबली. “आणि काल ते सगळ्यांसमोर म्हणाले की, मी असं काही विचारलंच नव्हतं.”

४

गोदामाचे व्यवस्थापक घड्याळबुवा. भिंतीवर मोठं घड्याळ, मनगटावर दुसरं, आणि बोलताना नजर आळीपाळीने दोहोंवर. त्यांनी आत्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले.

“तपासणी वगळायचा तो रकाना आहे ना पडद्यावर, खाली कोपऱ्यात, बिननावाचा. त्यात एक टाकलं की खेप सुटते. तापमापक बिघडलाय अशी खात्री असेल तेव्हाच टाकायचा. त्या दिवशीच्या माणसाला वाटलं, मापक बिघडलाय. मापक ठीक होता.” त्यांनी मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. “माणूस माझा आहे. चूक माझी म्हणा.”

“हा रकाना तुम्हाला दाखवला कुणी?”

“आठवत नाही.” नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. “पहिल्यापासूनच आहे.”

“पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?”

“खूप वर्षं झाली. लेकीच्या बाळंतपणात मी महिनाभर रजेवर होतो, तेव्हा बदलीच्या माणसाला मी स्वतः दाखवून गेलो होतो. म्हटलं, खेप अडली तर खोकं आधी उघडून हाताने बघ, आणि मगच सोड.”

“नातू केवढा आता?”

“पाच पूर्ण झाली परवा.” एवढं सांगताना मात्र त्यांनी एकाही घड्याळाकडे बघितलं नाही.

पाच वर्षं. नवीला येऊन तीन झाली होती. म्हणजे ती यातून सुटली. आत्यांनी मनातल्या मनात तिच्या नावावर काट मारली आणि उठल्या.

“अजून एक विचारते. गाडीतून माल जातो, त्याला तुम्ही नेहमी खेपच म्हणता?”

घड्याळबुवांना प्रश्नच कळला नाही. “मग काय म्हणायचं? गोदामात सगळे खेपच म्हणतात.”

“वर ऑफिसात पाठवणी म्हणतात.”

“ते त्यांचं पुस्तकी. पाठवणीला डोळ्यांत पाणी यावं लागतं, आत्याबाई. आमच्याकडे फक्त घाम येतो.”

आत्या हसल्या. पण जिना चढताना त्यांचं हसू पायरीपायरीने उतरत गेलं. एका वस्तूला एकच नाव, हा नियमावलीतला पहिला नियम त्यांनी आणि तात्यांनी मिळून केला होता. चार हजार नावांत ‘पाठवणी’ दीडशे ठिकाणी होती. ‘खेप’ कुठेच नव्हती.

की होती? कागदावरची शेवटची दोन अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्या जिन्यातच कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

५

छोट्या तात्यांनी त्यांना पाहून खुर्ची पुढे ओढली, पंखा त्यांच्याकडे वळवला, चहा सांगितला. आत्यांनी त्यांना पहिल्या दिवशी नियमावली शिकवली होती. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि प्रत्येक नियमाला ‘का?’ विचारायचे. असा विद्यार्थी आत्यांना पुन्हा मिळाला नाही.

“तुम्हाला या भानगडीत ओढायला नको होतं,” ते म्हणाले.

“रिकामीच असते मी. सांग, नवी तुला त्या नावाबद्दल विचारायला आली होती?”

“नाही आत्या. आली असती तर आठवलं असतं.” त्यांनी कप सरळ केला, परत सरळ केला. “पोरगी वाईट नाही, घाबरली असेल. मी तिला काही बोलणार नाही.”

“तू ते नाव आधी पाहिलं होतंस कधी?”

“गेल्या आठवड्यात पहिल्यांदा. इस्पितळाचा फोन आल्यावर प्रोग्राम उघडला, तर ही सूट-खेपची ओळ समोर. तात्यांच्या वेळच्या अशा किती ओळी पडून असतील कुणास ठाऊक. त्यांना दोष देत नाही मी. त्या काळी तेवढंच शक्य होतं.”

आत्यांनी चहाचा घोट घेतला. चहा गरम होता की गार, ते त्यांना कळलं नाही.

“तात्यांना भेटला होतास शेवटी?” त्यांनी विचारलं.

“जाणार होतो. राहून गेलं.”

आत्यांनी कप खाली ठेवला, पिशवी घेतली आणि येते म्हणून निघाल्या. बाहेर व्हरांड्यात बाक होता, त्यावर बसल्या. उत्तर सापडल्यावर माणसाला बरं वाटतं म्हणतात. आत्यांना वाटलं, आपण उगाच आलो. घरी बसलो असतो तर बरं झालं असतं. मग डोळ्यांपुढे चष्म्याचं दुकान आलं, आणि वरच्या मजल्यावरची ती बाई, जिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

६

बुधवारी दुपारी मालकीणबाईंच्या खोलीत चौघं जमली: मालकीणबाई, छोटे तात्या, घड्याळबुवा आणि नवी. आत्या खिडकीजवळ बसल्या. समोर तो कागद.

“आधी पहिलं अक्षर बघू,” त्या म्हणाल्या. वर्गात शिकवायच्या तसाच आवाज. “‘ह’. ज्या नावाचं उत्तर होय किंवा नाही, त्याची सुरुवात ‘ह’ने करायची, असा आपला नियम आहे. हा नियम कधीचा?”

“दुसऱ्या आवृत्तीचा,” नवी म्हणाली. “नियमावलीवर तारीख आहे.”

“बरोबर. त्याआधी आम्हाला सहाच अक्षरं मिळायची. सहातलं एक अक्षर नुसतं खूण म्हणून घालवायची चैन कुणाला परवडणार? पहिल्या आवृत्तीच्या एकाही नावात असा ‘ह’ नाही. मी काल सगळी यादी बघितली. आता उरलेली चार अक्षरं घ्या. सगळी उघडी, काना नाही, मात्रा नाही. असं लिहायची पाळी यायची ती जागा नसली म्हणून. म्हणजे हे नाव आपल्या पहिल्या अक्षराने सांगतं, जागा भरपूर आहे. आणि पुढच्या चार अक्षरांनी सांगतं, जागा अजिबात नाही. दोन्ही खरं कसं असेल?”

“तात्यांनी जुन्या नावाला नंतर ‘ह’ जोडला असेल,” मालकीणबाई म्हणाल्या.

“जोडला असता तर काना-मात्राही दिले असते. काना मिळाला त्या दिवसापासून त्यांनी उघडं नाव एकदाही लिहिलं नाही. समोर आलेलं बदलल्याशिवाय पुढे गेले नाहीत. त्यांच्या चारशे दुरुस्त्या वहीत आहेत, एक अपवाद दाखवा.” आत्यांनी वही टेबलावर सरकवली. “हे नाव जुनं नाही. जुनं दिसावं म्हणून घडवलंय. घडवणाऱ्याने काना-मात्रा आठवणीने गाळले, पण ‘ह’ गाळायचं सुचलं नाही, कारण तो ‘ह’ त्याच्या हाडीमासी खिळला होता. तो दुसऱ्या आवृत्तीत शिकला. आणि ओळ पाच वर्षांपूर्वीही चालू होती, म्हणून हे आपल्या नवीचं काम नाही.”

घड्याळबुवा मनगटाकडे बघत होते, पण वेळ बघत नव्हते.

“आता हे वाचायचं कसं?” आत्या म्हणाल्या. “नवीने वाचलं, सुटा खप. मालकीणबाई, तुम्ही?”

“मीही तेच वाचलं.”

“मीसुद्धा. सोमवारभर माझ्या डोक्यात सुटा खपच होता. औषधाच्या धंद्यात दुसरं काय सुचणार? उघड्या अक्षरांचं हेच दुखणं आहे. ती लिहिणाऱ्यालाच वाचता येतात. आणि ‘खेप’ हा शब्द तर आमच्या प्रोग्रामांत कुठेच नाही. तो गोदामातला. गोदामातून कुणीतरी खेप सोडा म्हणून गळ घातली असेल, आणि ऐकणाऱ्याने तोच शब्द नावात घेतला असेल, तरच तो तिथे येतो.” पुढचं वाक्य त्यांना जड गेलं. “काल मला एकाने हे नाव न अडखळता वाचून दाखवलं. सूट-खेप, म्हणजे सूट दिलेली खेप. मी विचारलंही नव्हतं.”

छोट्या तात्यांनी मान वर केली. ते आत्यांकडे बघत होते, चोवीस वर्षांचे असताना बघायचे तसे, पण या वेळी ‘का?’ विचारायचं काही उरलं नव्हतं.

“त्यांना एकट्याला बोलू नका,” घड्याळबुवा एकदम म्हणाले. “मीच मागे लागलो होतो. मला सगळं आठवतं. सहा वर्षं झाली. लहान मुलांच्या दवाखान्यात लस जायची होती, गाडीतला मापक बिघडलेला, प्रोग्राम खेप सोडेना. खोकी मी हाताने तपासली होती. बर्फासारखी गार होती.”

“तात्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते,” छोटे तात्या म्हणाले. “मी दहा मिनिटांत ओळ लिहिली. लस वेळेवर पोचली. दुसऱ्या दिवशी काढायची होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक मापक बिघडला. मग महिन्याने तात्या परत आले.”

“मग सांगितलं का नाहीस?” आत्यांनी विचारलं.

“तपासणीला बगल दिली, हे त्यांना सांगायचं? गाडीसमोर आडवं उभं राहणाऱ्या माणसाला?” त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “ते येण्याच्या आदल्या दिवशी मी नाव बदललं. मला वाटलं, उघडं नाव दिसलं की ते दुरुस्त करतील, विचारतीलच. तेव्हा सांगेन. आणि नाही दिसलं, तर जुनी अडगळ म्हणून राहील. दोन्हीकडून सोय केली. ते त्या कोपऱ्यात कधी आलेच नाहीत. निवृत्त झाले, आजारी पडले, गेले. त्यांच्यावर ढकलायचं असं मी ठरवलं नव्हतं, आत्या. गेल्या आठवड्यात कुणीतरी म्हणालं, हे तात्यांचं दिसतंय. मी गप्प बसलो, एवढंच.”

“आणि मी?” नवीने विचारलं. आवाज चढवला नव्हता. “मी दारात उभी राहून विचारलं होतं ना?”

“विचारलं होतंस.” ते तिच्याकडे वळले. “मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. सगळ्यांसमोरच खरं सांगेन.”

मालकीणबाईंनी गुरुवारचं पत्र फाईलमधून काढलं, आडवं फाडलं आणि कोरा कागद पुढे ओढला. त्यांनी फार शब्द खर्चले नाहीत. छोट्या तात्यांचं प्रमुखपद गेलं. नोकरी राहायची की नाही, ते चौकशी पुरी झाल्यावर ठरणार होतं. तोवर प्रोग्राममधली प्रत्येक उघडी ओळ नवीच्या देखरेखीखाली तपासून काढायची होती, आणि कामाला त्यांनी स्वतः बसायचं होतं. गोदामातला रकाना त्याच दुपारी बंद झाला. पत्रात मेलेल्या माणसाचा उल्लेख राहिला नाही.

७

चष्म्याच्या दुकानात आत्या छोट्या तात्यांबरोबर गेल्या. लेक काउंटरमागे उभी राहून सगळं ऐकत होती. त्यांचं सांगून झालं, तरी ती बराच वेळ काच पुसत राहिली.

“शेवटच्या महिन्यात बाबा रोज विचारायचे,” ती म्हणाली. “आज छोट्या येऊन गेला का? मी म्हणायचे, कामात असतील.”

“कामात नव्हतो. तोंड नव्हतं दाखवायला.”

“ते दोन दिवस रागावले असते. तिसऱ्या दिवशी तुमच्याशेजारी बसून ओळ काढली असती.” तिने काच खाली ठेवली. “आई वर आहे. तिला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.”

ते जिना चढून गेले. खाली दोघी थांबल्या. एक बाई चष्म्याचा स्क्रू बसवून घेऊन गेली. एक मुलगी काळा चष्मा लावून आरशात बघून, भाव विचारून निघून गेली. वरून आवाज येत नव्हता, ना रडण्याचा, ना रागावण्याचा. आत्यांनी दोनदा जिन्याकडे पाहिलं.

अर्ध्या तासाने ते खाली आले. डोळे लाल होते, पण पाठ आधीपेक्षा सरळ होती.

“आई काय म्हणाली?” लेकीने विचारलं.

“सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आम्हाला सांगितलंस ते बरं केलंस, पण इंजेक्शन आम्हाला नव्हतं दिलं. त्या शिवणवाल्या बाईंकडे कधी जाणार?” त्यांनी चपला पायात सरकवल्या. “मी म्हटलं, उद्या जातो. तर म्हणाल्या, उद्या कशाला? अजून उजेड आहे.”

लेकीने कागदावर पत्ता लिहून दिला. तिच्याकडे तो कसा, असं आत्यांनी नजरेनेच विचारलं.

“परवा जाऊन आले,” ती हळू म्हणाली. “बाबांच्या वतीने माफी मागायला. तेव्हा मला वाटलं होतं, खरंच त्यांचीच चूक असेल.”

छोट्या तात्यांनी कागद हातात घेतला. मग त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि दार उघडलं. आत्यांनी पिशवी उचलली. आपण कशाला चाललोय, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्या त्यांच्यामागून रस्त्यावर उतरल्या.